जाहिरात : उघड करण्याचे साधन की झाकण्याचे?

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला ‘बाजारपेठ आणि माहिती’ हा भाग शिकविण्यापूर्वी मी दरवर्षी वर्गात एक लहानसा प्रयोग करतो. ‘जाहिरात’ हा शब्द वापरून एक वाक्य लिहा, एवढेच विद्यार्थ्यांना सांगतो. पाठ्यपुस्तकातील प्रकरण साबण, दंतमंजन, दूरचित्रवाणी यांच्याविषयी बोलत असते. विद्यार्थ्यांची वाक्ये मात्र निराळीच येतात. ‘पोलीस भरतीची जाहिरात निघाली.’ ‘शिक्षकांची जाहिरात केव्हा निघणार?’ ‘जाहिरात निघाली, पण वय उलटून गेले.’ जिंतूर, पालम, सोनपेठ, पाथरी या तालुक्यांतील खेड्यांतून येणाऱ्या या मुलामुलींच्या लेखी जाहिरात ही वस्तू विकण्याची युक्ती नसून सरकारने उघडलेले दार आहे. ज्या दाराची वाट पाहण्यात त्यांच्या आयुष्याची तीन-चार वर्षे जातात, त्या दाराचे ते नाव आहे.

शहरातील माणसाला जाहिरात म्हटले की अतिशयोक्ती आठवते, तर आमच्या विद्यार्थ्याला पदसंख्या, आरक्षणाचा तक्ता, वयोमर्यादा आणि अर्जाची अंतिम तारीख आठवते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ परस्परांपासून इतके दूर कसे गेले, हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. आपल्याला कोणी काही उघड सांगत असताना आपण त्यावर किती विश्वास ठेवावा, हा व्यवहारातला रोजचा प्रश्न त्यामागे उभा आहे.

शब्दांचे गोत्र

‘जाहिरात’ हा शब्द मराठीने फारसीच्या वाटेने घेतला. त्याचे मूळ अरबी ‘जाहिर’ या शब्दात आहे. जाहिर म्हणजे प्रकट, उघड, डोळ्यांना दिसणारे. त्याच्या विरुद्ध शब्द ‘बातिन’, म्हणजे आत दडलेले. शुद्धलेखनाचा तास घेणाऱ्या शिक्षकांना ठाऊकच आहे की मराठीत ‘जाहीर’मधला ‘ही’ दीर्घ, ‘जाहिरात’मधला ‘हि’ ऱ्हस्व, आणि ‘जाहीरनामा’मध्ये तो पुन्हा दीर्घ. ऱ्हस्व-दीर्घाचा हा भेद सोडला तर कुटुंब एकच : जाहीर सभा, जाहीर लिलाव, जाहीर सूचना, जाहीर माफी. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. जे घडते ते सर्वांदेखत घडते आणि नंतर कोणाला ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येत नाही. व्हिक्टोरिया राणीने १८५८ मध्ये काढला तो जाहीरनामा, आणि निवडणुकीपूर्वी राजकीय पक्ष काढतात तोही जाहीरनामाच. आपण जे बोललो त्याला बांधील राहू, असा अर्थ त्या शब्दात निदान गृहीत तरी धरलेला आहे.

मराठवाड्याला या शब्दाची एक सावत्र बहीणही परिचयाची आहे. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. त्या भाषेत जाहिरातीला ‘इश्तिहार’ म्हणतात. जुन्या घरांतील ट्रंकांमधून निघणाऱ्या कागदांवर हा शब्द आजही भेटतो. ‘इश्तिहार’ ज्या धातूपासून निघाला त्याच धातूपासून ‘शोहरत’ आणि ‘मशहूर’ हे शब्द निघाले आहेत. म्हणजे इश्तिहाराचा रोख प्रसिद्ध करण्यावर आहे आणि जाहिरातीचा रोख प्रकट करण्यावर. दोहोंत अंतर आहे. जे प्रकट होते ते आधी अस्तित्वात असावे लागते. प्रसिद्ध मात्र नसलेलेही करता येते.

हिंदीने संस्कृताकडून ‘विज्ञापन’ घेतले. हाच शब्द मराठीत निराळ्या वेषात नांदत होता. पेशवेकालीन पत्रांत धाकट्याने वडीलधाऱ्याला किंवा सेवकाने धन्याला लिहिताना ‘विज्ञापना’ करावी, असा शिरस्ता होता. विज्ञापना म्हणजे नम्रपणे केलेले निवेदन. त्यात सांगणारा खालच्या पायरीवर आणि ऐकणारा वरच्या पायरीवर असतो. ‘ग्राहक हा राजा’ असे आज म्हटले जाते. ते खरे असते, तर मराठीनेही ‘विज्ञापना’ हाच शब्द बाजारासाठी राखला असता. जर्मन भाषेत जाहिरातीला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ अनुनय करणे, मागणी घालणे असा होतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘कडे वळविणे’ ही क्रिया आहे. रशियन शब्दाच्या मुळाशी ओरडणे आहे. प्रत्येक भाषेने या व्यवहाराचे एकेक अंग पकडले. कोणी आर्जव पाहिले, कोणी आरडाओरड पाहिली. मराठीने उघडपणा पाहिला, आणि आपल्या शेजारच्या गुजराती व कन्नड या भाषांनीही तोच शब्द आपलासा केला.

याच शब्दाला ‘बाजी’ हा प्रत्यय लागला की काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. दगाबाजी, भाषणबाजी यांच्या पंक्तीला ‘जाहिरातबाजी’ जाऊन बसते. ‘अमक्याने काम केले आणि जाहीर केले’ यात दोष नाही. ‘अमक्याने जाहिरातबाजी केली’ म्हणताच काम कमी आणि गवगवा अधिक, हे न सांगता समजते. डांगोरा, बोभाटा, बडेजाव, टिमकी हे शब्द याच बाजूचे. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे म्हणणाऱ्या समाजाला स्वतःची टिमकी स्वतः वाजविणे फारसे शोभिवंत वाटत नव्हते. तात्पर्य, उघड सांगणे आणि गाजावाजा करणे यांतील भेद आपल्या भाषेने फार पूर्वीच ओळखला होता. तो पुसट झाला तो बाजारात.

दवंडीचा दंडक

वर्तमानपत्रे नव्हती तेव्हा गावाला जाहिरात ठाऊक होती ती दवंडीच्या रूपाने. चावडीपासून वेशीपर्यंत हलगी वाजे आणि सारा, लिलाव, जत्रा, रोगराईची लस, जे काही असेल ते पुकारले जाई. आजही ही रीत कायद्याच्या पुस्तकात शिल्लक आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मालमत्तेवर जप्ती आणताना तो हुकूम त्या जागी वाद्य वाजवून किंवा रूढ पद्धतीने पुकारला जावा, अशी तरतूद आहे. दवंडीच्या या रिवाजात तीन गोष्टी आपोआप पाळल्या जात. दवंडी कोणाच्या हुकमाने पिटली जात आहे हे आधी सांगितले जाई. सर्वांना एकच मजकूर ऐकू येई. पाटलाला एक आणि कुळाला दुसरा असा भेद नसे. आणि पुकारणारा गावातलाच असल्यामुळे खोटे निघाल्यास त्याला दुसऱ्या दिवशी तोंड दाखवावे लागे.

छापील जाहिरातीने यांपैकी पहिली अट बहुधा पाळली, दुसरी जेमतेम पाळली आणि तिसरी सोडली. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येणाऱ्या आजच्या जाहिरातीने तर तिन्ही अटी धाब्यावर बसविल्या आहेत. कोण बोलतो ते कळत नाही. शेजाऱ्याला दिसते ते मला दिसत नाही, कारण प्रत्येकाची आवड हेरून त्याच्यापुरती वेगळी जाहिरात पाठविली जाते. आणि खोटे निघाल्यावर ज्याच्या दारात जाऊन जाब विचारावा, असे दारच नसते. ज्या गोष्टीचा सर्वांदेखत असणे हाच गाभा, ती एकेकाला एकांतात गाठू लागली, तर तिला ‘जाहिरात’ हे नाव कितपत शोभते, हा प्रश्न आहे.

साबण आणि बियाणे

अर्थशास्त्राने या प्रश्नाचा विचार केलेला आहे. आल्फ्रेड मार्शल यांनी १९१९ मधील आपल्या ग्रंथात जाहिरातींचे दोन भाग केले होते : माहिती देऊन ग्राहकाची सोय करणाऱ्या विधायक जाहिराती आणि केवळ प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलण्यासाठी तेच ते नाव कानीकपाळी ओरडणाऱ्या झुंजार जाहिराती. पुढे १९७० च्या दशकात फिलिप नेल्सन यांनी वेगळा भेद मांडला. काही वस्तू घेण्यापूर्वी पारखता येतात. काहींचा गुण वापरल्यावरच कळतो. दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंची जाहिरात काय सांगते यापेक्षा ती केली जाते हीच माहिती असते, असे त्यांचे म्हणणे होते. उत्पादक खर्च करतो आहे त्याअर्थी ग्राहक पुन्हा पुन्हा येईल अशी त्याला खात्री असणार. वाईट वस्तूच्या जाहिरातीवर पैसा ओतून त्याला काय लाभ?

हा युक्तिवाद साबणाला लागू पडतो. साबण वाईट निघाला तर पुढच्या महिन्यात दुसरा घेता येतो. नुकसान दहा-वीस रुपयांचे, आणि शिक्षा उत्पादकाला लगेच मिळते. परंतु आमच्या जिल्ह्यात सर्वांत महत्त्वाची जाहिरात साबणाची नाही, ती बियाण्याची आहे. मे महिन्यात मोंढ्यातील कृषी सेवा केंद्रांच्या भिंती टपोऱ्या बोंडांनी आणि शेंगांनी लगडलेल्या झाडांच्या चित्रांनी भरून जातात. बियाण्याचा गुण पेरल्याशिवाय कळत नाही, आणि कळतो तेव्हा हंगाम हातचा गेलेला असतो. पुढच्या महिन्यात दुसरे घेऊ, ही सोय निसर्गाने ठेवलेली नाही. मानवतकडच्या एका नात्यातल्या शेतकऱ्याने मला एकदा सांगितले होते, ‘सर, पोस्टरवरच्या बोंडाची अन् आमच्या शिवारातल्या बोंडाची भेट काही झाली नाही.’ त्या एका वाक्याचे मोल अर्थशास्त्राच्या एखाद्या व्याख्यानापेक्षा कमी नाही.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारींचा पाऊस पडला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. वास्तविक १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार पिशवीवर उगवणशक्ती आणि शुद्धता नमूद करणारे लेबल असावे लागते. सोयाबीनसाठी किमान उगवण शेकडा ७० ठरलेली आहे. म्हणजे शंभरांतील तीस दाणे उगवणार नाहीत, हे गृहीत धरूनच शेतकऱ्याने बियाण्याचे प्रमाण ठरवायचे असते. आता गंमत अशी की, शब्दाच्या मूळ अर्थाने खरी जाहिरात ही त्या लेबलावर असते. तिथे मर्यादा प्रकट केलेली असते, लॉट क्रमांक असतो, मुदत असते. पण ती बारीक अक्षरांत असते, आणि भिंतीवरचे चित्र दहा फुटी असते. जे प्रकट करायचे ते बारीक आणि ज्याने ते झाकायचे ते मोठे, असा हा उलटा न्याय आहे.

कापसाचीही हीच कथा. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला देशात मान्यता मिळाली. हे वाण बोंडअळीविरुद्ध संरक्षणासाठी होते. पाऊस नसताना पीक आणण्याची हमी त्यात नव्हती. अनेकांच्या मनात मात्र ‘बीटी म्हणजे भरघोस उत्पन्न’ हे समीकरण बसले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात हाहाकार उडविला, तेव्हा अळीपासूनचे संरक्षणही कायमचे नसते, हा धडा शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने घेतला. याउलट परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, १८ मे रोजी, खरीप मेळाव्यात बियाण्यासाठी रांग लागते, ती भित्तिचित्रे पाहून नव्हे. १९७२ पासून मिळविलेल्या विश्वासावर ती लागते.

शिकवणी वर्गांचे फलक याच जातीचे आहेत. शिक्षण हेही हंगामासारखे. गेलेले वर्ष परत येत नाही. चौकातल्या फलकावर हसणारे यशस्वी विद्यार्थी त्या वर्गात खरोखर दोन वर्षे शिकले की केवळ मुलाखतीच्या सरावाला चार दिवस येऊन गेले, हे फलक सांगत नसे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही माहिती जाहिरातीतच देणे आवश्यक केले, आणि निवड झाल्यावर विद्यार्थ्याची संमती घेतल्याशिवाय त्याचे नाव व छायाचित्र वापरण्यास मनाई केली. अर्थात नियम झाला म्हणून चौकातील फलक बदलतोच असे नाही. तो वाचून प्रश्न विचारणारा पालक असावा लागतो.

कायदा आणि वृत्तपत्र

कायद्याने जाहिरातीकडे कसे पाहिले, याचाही एक इतिहास आहे. असाध्य रोग हमखास बरे करण्याच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ चा. त्याला हमदर्द दवाखान्याने आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये त्यातील काही भाग रद्द केला. परंतु व्यापारी जाहिरात म्हणजे विचारस्वातंत्र्य नव्हे, अशी भूमिका घेतली. १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात तेच न्यायालय एक पाऊल पुढे आले : व्यापारी जाहिरातीलाही भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, कारण ग्राहकाला माहिती मिळण्याचा हक्क आहे. या निर्णयाचे तात्पर्य नीट ध्यानात घ्यावयास हवे. संरक्षण मिळाले ते माहितीसाठी, फसवणुकीसाठी नव्हे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ या संज्ञेची व्याख्याच केली आहे. महत्त्वाची माहिती मुद्दाम दडविणे हेही त्या व्याख्येत येते. उत्पादकाला आणि जाहिरातीत भलामण करणाऱ्या नामवंतालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तोच अपराध केल्यास पन्नास लाखांपर्यंत. अशा जाहिरातीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. ही माहिती किती फलकांवर लावलेली आपण पाहिली आहे?

आता स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे. हा लेख वृत्तपत्रात आहे आणि वृत्तपत्र जाहिरातीवर चालते. १९६० मध्ये केंद्र सरकारने आदेश काढून दैनिकांच्या पानांची संख्या आणि किंमत यांची सांगड घातली. कायद्याने जाहिरातींच्या जागेवर नियंत्रण ठेवण्याचाही अधिकार घेतला होता. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सारे घटनाबाह्य ठरविले. जाहिरातीची जागा कमी केली तर किंमत वाढेल, किंमत वाढली तर खप घटेल आणि खप घटला तर विचारांचा प्रसारच आकुंचित होईल, हा त्यामागचा तर्क होता. एका मराठी दैनिकाने साऱ्या देशातील वृत्तपत्रांसाठी मिळविलेला हा न्याय आहे. त्यात एक ऋणही आहे. जाहिरातीच्या उत्पन्नाचे रक्षण झाले ते बातमी स्वतंत्र राहावी म्हणून. २००९ च्या निवडणुकांनंतर ‘पेड न्यूज’ हा शब्द सर्वतोमुखी झाला, तेव्हा हे ऋण फेडले गेले असे म्हणता येईना. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने केलेला तपशीलवार अहवालही आरंभी प्रसिद्ध झाला नाही; केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो जाहीर झाला. बातमीचा वेष घेतलेली जाहिरात ही सर्वांत मोठी लबाडी होय, कारण ती स्वतःचे जाहिरात असणेच लपविते.

सरकारही मोठा जाहिरातदार आहे. लोकांच्या पैशाने नेत्यांची छायाचित्रे किती छापावीत, यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये बंधने घातली. मार्च २०१६ मध्ये ती काही अंशी सैल झाली. योजनेची जाहिरात कोणासाठी असते? पात्र माणसाला अर्ज कोठे करावा हे कळावे म्हणून, की देणारा कोण हे विसरले जाऊ नये म्हणून? कागदावर चेहऱ्याला किती जागा आणि अटींना किती जागा, हे मोजले की उत्तर मिळते.

विद्यार्थ्याचा अर्थ

म्हणूनच मला माझ्या विद्यार्थ्यांच्या वाक्यांकडे परत यावेसे वाटते. त्यांनी या शब्दाचा मूळ अर्थ जपून ठेवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये उमादेवी खटल्यात सांगितले की, जाहिरात न देता आणि खुली स्पर्धा न घेता केलेली नेमणूक समान संधीच्या तत्त्वाशी विसंगत आहे. म्हणजे सार्वजनिक नोकरीत जाहिरात ही समतेची पहिली पायरी आहे. पालम तालुक्यातील शेतमजुराच्या मुलीला आणि मंत्रालयात ओळख असलेल्या मुलाला एकाच दिवशी एकच बातमी कळते, ती जाहिरातीमुळे.

परंतु त्याच न्यायालयाने १९९१ मध्ये असेही म्हटले आहे की, जाहिरात हे अर्ज करण्याचे निमंत्रण आहे. निवड यादीत नाव आले म्हणून नेमणुकीचा अबाधित हक्क निर्माण होत नाही, मात्र सरकारला मनमानीही करता येत नाही. कायदा म्हणून हे योग्यच असेल. पण जाहिरात काढायची, शुल्क घ्यायचे, परीक्षा पुढे ढकलायची, शुद्धिपत्रकामागून शुद्धिपत्रक काढायचे आणि तोवर उमेदवाराचे वय उलटू द्यायचे, याने कायदा मोडत नसला तरी शब्द मोडतो. बियाण्याच्या पोस्टरने शेतकऱ्याचा एक हंगाम जातो. रेंगाळलेल्या जाहिरातीने एका मुलीचे तारुण्य जाते. दोन्ही ठिकाणी नुकसान सोसणारा तोच आहे, कारण पुष्कळदा ती मुलगी त्याच शेतकऱ्याची असते.

उपाय फार मोठे नाहीत. बियाण्याच्या भित्तिपत्रकावर लेबलातील आकडे चित्राइतक्याच ठळकपणे छापले जावेत. भरतीच्या जाहिरातीत परीक्षेची, निकालाची आणि नेमणुकीची तारीख बंधनकारक असावी आणि ती चुकल्यास वयोमर्यादेत तेवढी सवलत आपोआप मिळावी. वृत्तपत्राने पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक ओळीवर ‘जाहिरात’ हा शब्द लाजेखातर कोपऱ्यात न ढकलता स्पष्ट लिहावा. आणि शिक्षकांनी आठवड्यातून एकदा वर्गात एखादी जाहिरात धड्यासारखी वाचून घ्यावी : बोलतो कोण, सांगतो काय, आणि सांगायचे टाळतो काय?

पुढच्या वर्षीही मी वर्गात तोच शब्द फळ्यावर लिहीन, आणि बहुधा तीच वाक्ये येतील. ‘जाहिरात निघाली’ या वाक्यात ज्या मुलांनी इतका विश्वास साठवून ठेवला आहे, त्यांच्यापुढे खोटी जाहिरात ठेवण्याचा अधिकार बाजाराला नाही आणि सरकारलाही नाही.